संगणकाच्या कोठारांतील फेरी

जुन्या वाड्यांत धान्याचें कोठार असे. कोठारांत कणग्या, कणग्यांच्या शेजारीं पेट्या, पेटीच्या आंत डबे, आणि एखाद्या डब्यांत पुन्हां एक पुरचुंडी. घरांतील आजीबाईंना विचारावें, "आजी, हळकुंडें कोठें आहेत?" तर त्या जागेवरून न उठतां सांगत, "माजघरांतल्या मोठ्या पेटींत, डाव्या हाताच्या डब्यांत, फडक्यांत बांधलेलीं." या उत्तरांत तीनचार पायऱ्या आहेत, व त्या क्रमानें उतरल्यावांचून हळकुंडें हातीं लागत नाहींत. पण आजीबाई घरीं नसल्या, आणि घरांत एकंदर जिन्नस किती आहेत याची यादी करण्याचें काम आपणांवर आलें, तर काय करावें? प्रत्येक खोलींत जावें लागेल. प्रत्येक पेटी उघडावी लागेल. पेटींत डबा निघाला तर तोही उघडावा लागेल. आणि एकही जिन्नस दोनदां न मोजतां व एकही न वगळतां बाहेर यावें लागेल. संगणकाच्या कोठारांत अशीच फेरी कशी घालावी, हा आजच्या लेखाचा विषय होय.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस फाईल व फोल्डर हे शब्द परिचयाचे आहेत. फाईल म्हणजे जिन्नस: एखादें पत्र, एखादा निबंध, एखादें छायाचित्र. फोल्डर म्हणजे पेटी. जाणकार लोक त्यालाच डिरेक्टरी असेंही म्हणतात. पेटींत पेटी ठेवण्याची ही कल्पना आज इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कोणास तरी प्रथम सुचावी लागली असेल हें आपल्या ध्यानांतही येत नाहीं. अमेरिकेंत मल्टिक्स नांवाच्या संगणक-व्यवस्थेची योजना चालली असतां रॉबर्ट डेली व पीटर न्यूमन या दोघांनीं १९६५ सालीं अशा रचनेचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १९६९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स या व्यवस्थेचा पाया घातला, तेव्हां त्यांनींही पेटींत पेटीचीच रीत स्वीकारली. ही रचना उलट्या झाडासारखी असते. मूळ वर आणि फांद्या खालीं. मुळापासून एखाद्या पानापर्यंत जाण्याचा जो मार्ग त्यास पाथ म्हणतात. आजीबाईंचें "माजघर, पेटी, डबा, फडकें" हें उत्तर म्हणजे हळकुंडांचा पाथच होय.

फेरी घालण्याची आज्ञा संगणकाला कोणत्या तरी भाषेंत द्यावी लागते. आम्ही येथें पायथन ही भाषा घेतों. हॉलंडमधील गिडो व्हान रॉसम यांनीं ती १९८९ च्या अखेरीस रचावयास घेतली व १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. तिची वाक्यरचना सुटसुटीत असल्यामुळें नवशिक्यांस ती सोयीची वाटते. तिच्यांतील आज्ञांचीं नांवें आम्ही नागरी अक्षरांत देत आहों. प्रत्यक्ष संगणकावर तीं रोमन अक्षरांत लिहावयाचीं असतात, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

आतां एक लहानसें उदाहरण घेऊं. "शाळा" नांवाचा एक फोल्डर आहे. त्यांत "वेळापत्रक" ही एक फाईल आणि "आठवी" व "नववी" हे दोन फोल्डर आहेत. "आठवी"मध्यें "गणित" व "निबंध" या दोन फाईली असून शिवाय "चित्रकला" नांवाचा एक फोल्डर आहे, व त्यांत तीन चित्रें आहेत. "नववी"मध्यें "भूगोल" ही एकच फाईल आहे. हें सर्व कागदावर झाडाच्या आकृतीनें काढून पाहावें. एकंदर फोल्डर चार व फाईली सात. हीच मोजणी आतां संगणकाकडून करवून घ्यावयाची आहे.

पायथनमध्यें "ओएस" नांवाचें एक भांडार आहे, व त्यांत "लिस्टडिर" नांवाची आज्ञा आहे. तिला "शाळा" दाखविली कीं ती आंतील नांवांची यादी हातीं देते. यादी मिळाल्यावर "फॉर" या शब्दानें आपण सांगतों कीं, "हिच्यांतील एकेक नांव क्रमानें हातीं घे, व प्रत्येकावर पुढील काम कर." येथवर सोपें आहे. परंतु नवशिका येथेंच दोनदां ठेंचाळतो.

पहिली ठेंच अशी: लिस्टडिर हिनें तीनच नांवें दिलीं, वेळापत्रक, आठवी व नववी, म्हणून तो समजतो कीं शाळेंत तीनच जिन्नस आहेत. ती आज्ञा पेटीचें झांकण उघडून वरवर पाहते; आंतील डबे ती उघडीत नाहीं. दुसरी ठेंच याहून फसवी आहे. "आठवी"ची यादी मागितली असतां तींत "निबंध" एवढेंच नांव येतें. त्याचा मार्ग येत नाहीं. नवशिका संगणकाला सांगतो, "निबंध उघड," आणि संगणक उत्तर देतो कीं अशी फाईल नाहीं. तो बिचारा गोंधळतो, कारण नांव तर आतांच यादींत दिसलें! पण नुसत्या "हळकुंडें" या शब्दावरून हळकुंडें सांपडत नाहींत. फोल्डराचा मार्ग व फाईलीचें नांव हीं दोन्ही जोडूनच पत्ता पुरा होतो, आणि तो जोडण्यासाठीं "जॉइन" नांवाची आज्ञा त्याच भांडारांत दिलेली आहे.

आतां पेटींतील पेटी कशी उघडावी? येथें एक सुंदर युक्ति आहे. "मोज" नांवाचें एक काम आपण पुढीलप्रमाणें ठरवूं:

(१) हातांतील फोल्डरामधील नांवांची यादी माग.
(२) प्रत्येक नांवास फोल्डराचा मार्ग जोड.
(३) ती फाईल असेल तर बेरजेंत एक मिळव.
(४) तो फोल्डर असेल तर त्याच्यावर हेंच "मोज" काम पहिल्यापासून कर, व येईल ती संख्या बेरजेंत मिळव.
(५) यादी संपली म्हणजे बेरीज सांगून मागें ये.

चौथ्या पायरींत काम स्वतःलाच हांक मारतें. यास रिकर्शन म्हणतात. प्रथम ऐकतांना हें चक्रासारखें वाटतें. परंतु उदाहरण चालवून पाहावें. शाळेंत वेळापत्रकाचा एक. मग आठवींत शिरलों. तेथें गणित व निबंध मिळून दोन. चित्रकलेंत शिरलों, तेथें तीन. तीन हा आंकडा घेऊन आठवींत परत आलों, तेथील बेरीज पांच झाली. पांच घेऊन शाळेंत आलों. मग नववींत जाऊन एक घेऊन आलों. एक, पांच आणि एक मिळून सात. काम अनंत चालत नाहीं, कारण प्रत्येक उतरणीला आपण अधिक लहान पेटींत जातों, व केव्हां तरी अशी पेटी येते कीं जींत दुसरी पेटी नाहीं. तेथून परतच फिरावें लागतें.

हेंच काम वारंवार लागत असल्यामुळें पायथनच्या कर्त्यांनीं तें "वॉक", म्हणजे चालणें, या नांवानें तयार करून ठेविलें आहे. वॉक प्रत्येक फोल्डरापाशीं थांबून तीन गोष्टी सांगतें: आपण कोठें आहों तो मार्ग, येथें असलेल्या फोल्डरांचीं नांवें, आणि येथें असलेल्या फाईलींचीं नांवें. आमच्या उदाहरणांत तें चार वेळां थांबेल: शाळा, आठवी, चित्रकला, नववी. इच्छा असल्यास खालून वर येण्यासही सांगतां येतें. मग क्रम चित्रकला, आठवी, नववी, शाळा असा होतो. फोल्डर काढून टाकावयाचे असतील तेव्हां हा दुसरा क्रमच हवा, कारण फोल्डर काढण्याची साधी आज्ञा फक्त रिकाम्या फोल्डरावर चालते. आधीं आंतला डबा रिकामा करावा, मग पेटी, हा व्यवहार गृहिणींस शिकवावयास नको. पायथनच्या २०१५ सालच्या आवृत्तींत "स्कॅनडिर" नांवाची नवी आज्ञा आली. ती नांवाबरोबरच "ही फाईल कीं फोल्डर" हेंही बहुधा सांगून टाकते, व त्यामुळें संगणकाचे पुष्कळ हेलपाटे वांचतात. वॉकची अंतर्गत रचना तेव्हांपासून तिच्यावर बसविली गेल्यानें त्याचा वेग कित्येक पट वाढला.

येथपर्यंत चालण्याचें झालें. आतां चालतांना पाय कोठें घसरतो तें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

पहिली घसरण क्रमाची. लिस्टडिर जी यादी देते ती कोणत्याही ठराविक क्रमानें असेल असें वचन ती देत नाहीं. एका संगणकावर ती वर्णानुक्रमानें आल्यासारखी दिसेल; दुसऱ्यावर भलत्याच क्रमानें येईल. हा भेद क्षुल्लक नव्हे. २०१४ सालीं "नेचर प्रोटोकॉल्स" या शास्त्रीय नियतकालिकांत रसायनशास्त्रज्ञांच्या उपयोगाचे कांहीं पायथन प्रोग्राम प्रसिद्ध झाले. रेणूची रचना ठरवितांना लागणारे चुंबकीय अनुनादाचे आंकडे काढण्याचें काम ते करीत, व अनेक संशोधकांनीं त्यांचा उपयोग केला. २०१९ सालीं हवाई विद्यापीठांतील संशोधकांस असें आढळलें कीं, प्रोग्राम तोच व फाईली त्याच असतांही, कांहीं संगणक-व्यवस्थांवर उत्तर बरोबर येतें व कांहींवर चुकतें. शोध घेतां कारण निघालें तें एवढेंच कीं, फाईली ज्या क्रमानें हातीं येतात त्या क्रमावर प्रोग्रामानें विश्वास टाकला होता. "सॉर्टेड" ही एक आज्ञा लावून यादी आधीं क्रमानें लावली असती तर हा घोटाळा झाला नसता. ज्याचें वचन कोणी दिलेलें नाहीं त्यावर विसंबूं नये, हा धडा यांतून घ्यावा.

क्रम लावल्यावरही डोळे उघडे ठेवावे. "पत्र १", "पत्र २" असें करीत "पत्र १०" पर्यंत दहा फाईली असल्या, तर संगणक "पत्र १०" हें "पत्र २" च्या आधीं लावतो. तो संख्या वाचीत नाहीं. एकेक अक्षर पाहतो, आणि १ हा २ च्या आधीं येतो. म्हणून आरंभापासून "पत्र ०१", "पत्र ०२" अशीं नांवें द्यावीं. मराठी नांवांत आणखी एक खोंच आहे. "वऱ्हाड" या शब्दांतील "ऱ" संगणकांत दोन रीतींनीं लिहितां येतो: एका स्वतंत्र खुणेनें, अथवा "र" व त्यापुढें नुक्ता अशा दोन खुणांनीं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखीं तीं भिन्न नांवें होत. फोल्डरांत "वऱ्हाड" दिसत असतांही प्रोग्राम "नाहीं" म्हणाला, तर संगणकाला दोष देण्यापूर्वीं ही शंका घ्यावी. "नॉर्मलाइझ" नांवाची आज्ञा दोन्ही रूपें एकसारखीं करून देते.

दुसरी घसरण चकव्याची. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युनिक्स-आवृत्तींत १९८३ सालीं एक सोय झाली, तीस सिंबॉलिक लिंक म्हणतात. ही एक चिठ्ठी असते, तिच्यावर लिहिलेलें असतें, "जिन्नस येथें नाहीं, अमुक ठिकाणीं पाहा." आतां "चित्रकला" या फोल्डरांत कोणी "शाळा पाहा" अशी चिठ्ठी ठेवली, तर आपण शाळेंतून आठवींत, आठवींतून चित्रकलेंत, व चित्रकलेंतून पुन्हां शाळेंत येऊं. आमचें "पेटी दर वेळीं लहान होते" हें गृहीत येथें ढासळतें. यास्तव वॉक अशा चिठ्ठ्यांच्या मागें मुद्दाम सांगितल्यावांचून जात नाहीं. जाणें भागच असेल, तर भेट दिलेल्या फोल्डरांची नोंद ठेवावी, व नोंद असलेल्या जागीं पुन्हां शिरूं नये. ही युक्ति संगणकाहून जुनी आहे. फ्रेंच गणिती एद्वार ल्यूका यांनीं १८८२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्रेमो नामक गृहस्थाची भुलभुलय्यांतून सुटण्याची जी रीत दिली आहे, तिचें मर्म हेंच: गेलों त्या वाटेवर खूण करावी, व दोन खुणा झालेल्या वाटेनें पुन्हां जाऊं नये.

तिसरी घसरण आम्हीं स्वतः अनुभविलेली आहे, म्हणून ती कबूल करतों. एका वर्षीं स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें तीन विद्यार्थ्यांनीं आपापल्या कॅमेऱ्यांनीं काढलीं व तीन फोल्डरांत आणून दिलीं. एकंदर नव्वद चित्रें होतीं. तीं सर्व एकाच फोल्डरांत आणण्यासाठीं आम्हीं मोठ्या हौसेनें चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. प्रोग्राम निमिषांत संपला. त्यानें कांहींच तक्रार केली नाहीं, म्हणून आम्हीही संतुष्ट झालों व जुने फोल्डर काढून टाकले. दुसऱ्या दिवशीं मोजतों तों चित्रें अवघीं एकेचाळीस! तिन्ही कॅमेऱ्यांनीं आपापल्या चित्रांस एकपासून सारखेच क्रमांक दिले होते. आमच्या संगणकावर लिनक्स ही युनिक्सच्या वळणाची व्यवस्था होती, आणि अशा व्यवस्थेंत "रिनेम" ही आज्ञा त्याच नांवाची जुनी फाईल असल्यास ती न विचारतां पुसून नवी तिच्या जागीं ठेवते. विंडोजवर तीच आज्ञा चूक दाखवून थांबते. दोन विद्यार्थ्यांच्या कॅमेऱ्यांत मूळ चित्रें शिल्लक होतीं, तीं परत मिळालीं. तिसऱ्यानें आपला कॅमेरा मोकळा केला होता. त्याच चित्रांत आमच्या वृद्ध शिपाईमामांच्या निरोपाचा प्रसंग होता, व तो पुढें कोणाकडेच मिळाला नाहीं. मामा स्वतः आम्हांस एका शब्दानेंही बोलले नाहींत. "चित्र गेलं तर गेलं, तुम्ही सगळे हजर होतां ना, गुरुजी," एवढेंच ते म्हणाले. त्यांच्या या बोलण्यानें आमची चूक आम्हांस अधिकच बोंचली.

त्या दिवसापासून आम्हीं चार नियम पाळले आहेत, ते विद्यार्थ्यांस सांगतों. पहिला: फेरीपूर्वीं मोजावें, फेरीनंतर मोजावें, व दोन्ही आंकडे जुळल्यावांचून मूळ वस्तूंस हात लावूं नये. दुसरा: चालतां चालतां फोल्डरांत फेरफार करूं नये; आधीं पुरी यादी करून घ्यावी, मग तिच्यावरून काम करावें. फेरी चालू असतां नांव बदललेली फाईल नव्या नांवानें पुन्हां समोर येऊं शकते, व तिचें नांव दुसऱ्यांदा बदललें जातें. तिसरा: पहिल्या फेरींत प्रोग्रामानें नुसतें "मी अमुक करणार" असें छापावें, करूं कांहीं नये; तें वाचून पाहिल्यावर दुसऱ्या फेरींत काम करूं द्यावें. चौथा नियम शांततेविषयीं आहे. एखादा फोल्डर उघडण्याचा अधिकार आपणांस नसला, तर वॉक तो गुपचुप वगळून पुढें जातें. चुकीची वर्दी हवी असल्यास "ऑनएरर" या नांवानें तशी आज्ञा आधींच द्यावी लागते. प्रोग्राम कांहीं बोलला नाहीं म्हणजे सर्व ठीक झालें, असें समजणें हा भोळेपणा होय.

पालकांस आमची एक विनंति आहे. आजकाल घरोघरीं मुलांचीं बालपणींचीं चित्रें, आजोबांचा आवाज, जमिनीच्या कागदांच्या प्रती, हें सर्व संगणकांत साठविलेलें असतें, व पेटींत पेटी अशी तेथें अव्यवस्था माजलेली असते. आपल्या मुलास ही विद्या येत असेल, तर सुटींत त्याच्याकडून घरच्या कोठाराची एकदां यादी करून घ्यावी. मात्र आधीं एक संपूर्ण प्रत वेगळी काढून ठेवण्यास सांगावें, आणि तो काम करीत असतां शेजारीं बसावें. कोणतें चित्र कोणत्या लग्नांतील व कोणता आवाज कोणाचा, हें सांगणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच ती यादी पुरी होण्यासारखी आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. वरील "शाळा" फोल्डरांत "नववी"च्या आंत "इतिहास" हा फोल्डर व त्यांत दोन फाईली घातल्यास "मोज" हें काम कोणत्या क्रमानें कोणते आंकडे घेऊन परत येईल, तें लिहा.
२. तीच फेरी खालून वर घातल्यास वॉक कोणत्या क्रमानें थांबेल?
३. "इतिहास"मध्यें "शाळा पाहा" अशी चिठ्ठी ठेवली, व प्रोग्राम चिठ्ठ्यांच्या मागें जाणारा असला, तर फेरी कोठें अडकेल? ती सोडविण्यास कोणती नोंद ठेवाल?
४. तीन फोल्डरांतील फाईली एकांत आणावयाच्या आहेत, व कांहीं नांवें समान आहेत. एकही फाईल न गमावतां हें काम कसें कराल? प्रोग्राम लिहिण्यापूर्वीं आपली रीत पांच ओळींत मराठींत लिहून काढा.

चौथा प्रश्न आम्हांस कोणी वेळेवर घातला असता, तर शिपाईमामांच्या निरोपाचें चित्र आज शाळेच्या भिंतीवर असतें.